निडोचा डबा: सिगारेट सोडताना तुम्हाला काय मिळालं, कुणी दिलं?

मांडवीकाठ:
चवथ दहा दिवसांवर आली. काल माटोळीची (गणपतीवर फळं-भाज्या टांगायची) चौकट काढायला माळ्यावर चढलो, तर चौकटीमागे निडो दूध पावडरचा डबा. झाकणाला सुरीने पाडलेली चीर, अंगावर चिकटवलेल्या कागदावर बायकोच्या अक्षरात एकच शब्द, 'धूर'. हलवला तर आत एक नाणं वाजलं. झाकण गंजून बसलंय, उघडत नाही. खाली उतरलो आणि हातही न धुता हे लिहायला बसलो.

२०१२ची गोष्ट. दिवसाला बारा ओढायचो, म्हणजे साधारण साठ रुपये. त्यातली सगळ्यात पक्की रायबंदरच्या धक्क्यावरची. समोरच्या दिवाडी बेटावरून फेरीबोट सुटलेली दिसली की पेटवायची, अलीकडे लागली की पाण्यात टाकायची (मांडवी, माफ कर). सतरा वर्षं हेच. सोडायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, ते साठ रुपये रोज माझ्या हातात दे, मी डब्यात टाकते, शनिवारी मोजू. पहिल्या शनिवारी मोजले तर चारशे वीस. आकडा बघून दोघंही हसलो आणि चोणक आणली. सात दिवसांत जिभेला चव परत आली होती की मासाच ताजा होता, देव जाणे, पण तशी तुकडी परत कधी खाल्ली नाही.

धक्क्यावर हातांना काम हवं म्हणून चण्यांची पुडी घ्यायला लागलो. एकेक चणा सोलायचा, साल नदीत फुंकायची. पुडी संपेपर्यंत फेरी लागायची. तल्लफही तेवढीच असते हे नंतर कळलं, तीन ते पाच मिनिटं तग धरली की ओसरते.

एकोणिसाव्या दिवशी घसरलो. ऑफिसात एकाचा निरोप समारंभ, तिथे कुणीतरी पुढे केली, घेतली. संध्याकाळी घरी येऊन डबा उघडला, साठ रुपये काढले आणि पाकीट आणलं. परसात उभा राहून चार ओढल्या, मग स्वतःचाच राग आला आणि पाकीट विहिरीत फेकलं. मग लक्षात आलं की हेच पाणी आपण पितो. काळोखात बॅटरी तोंडात धरून घागरीने पाकीट काढणारा माणूस बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला असणार. बोलली काही नाही. शनिवारी मोजताना "साठ कमी आहेत" म्हणाली, आपल्या पर्समधले साठ काढून डब्यात टाकले. आणि त्या दिवशी मासे नाहीत, डाळ-भात.

त्या वर्षी चवथीला डब्याच्या पैशांतून आरतीला वाजवायचं नवं घुमट घेतलं. आरतीतला लांब सूर मध्ये खोकला न येता शेवटापर्यंत नेला, तेव्हा शेजारचे काका वळून बघायला लागले.

तुम्ही कशी सोडली, सुटली का, कुणी काय दिलं, ते लिहा. विडी, मशेरी, तपकीर सगळं चालेल.

रातांबा:
निडोचा डबा!!! आमच्याकडे कुवेतच्या मामाने आणलेले सात होते. एकात सोलं, एकात बटणं, एकात आजीची औषधं. मी सिगारेट ओढत नाही पण धागा वाचून डोळ्यात पाणी आलं. गंजावर खोबरेल लावून रात्रभर ठेवा, उघडेल.

खाजेंबाय:
अनुभव नवऱ्याचा, भोगला मी 😄
पहिले तीन दिवस घरात वाघ. मिक्सर लावला तर चिडायचा, नाही लावला तर वाटप कुठे म्हणून चिडायचा. चौथ्या दिवसापासून जरा माणसात आला. त्याचं बक्षीस म्हणजे खाजें, आपली मिठाई. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किलो किलो आणायचा, तल्लफ आली की एक कांडी तोंडात. दोन महिन्यांत सहा किलो वाढला. मग डॉक्टरांनी खाजें बंद केलं, आणि परत वाघ.
आता आठ वर्षं झाली. सगळ्या नातेवाइकांनी त्याचं कौतुक केलं, सासूबाईंनी सोन्याची साखळी केली त्याला. मला काय? एक कांडीसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती मेल्याने.
भात लावलाय, शिट्टी झाली, येते

उंडो:
@खाजेंबाय साखळी तुम्हाला मिळायला हवी होती, जाहीर निषेध

आकडेमोड:
बक्षिसाचा उपयोग होतो का, यावर बरंच काम झालंय. २००९ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीतल्या ८७८ कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास छापून आला. निम्म्यांना सोडण्याच्या कार्यक्रमांची फक्त माहिती, निम्म्यांना माहिती आणि टप्प्याटप्प्याने मिळून ७५० डॉलरपर्यंत रक्कम. नऊ-बारा महिन्यांनी तपासलं तेव्हा पैसेवाल्यांत १४.७ टक्क्यांची सुटलेली होती, दुसऱ्यांत ५ टक्क्यांची. तोंडी शब्दावर विश्वास नाही, रीतसर तपासणी करून.
२०१५च्या दुसऱ्या एका अभ्यासात काही लोकांना सांगितलं, आधी स्वतःचे १५० डॉलर अनामत ठेवा, सुटली तर ते परत आणि वर आणखी. नुसतं बक्षीस नव्वद टक्क्यांनी स्वीकारलं, अनामतीला तयार झाले १३.७ टक्के. पण जे तयार झाले त्यांना फायदा जास्त झाला.
वहिनींनी नकळत दोन्ही केलं. पैसे तुमचेच होते, आणि मोजणी दर आठवड्याला होती. वर्षाच्या शेवटी मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा शनिवारची चोणक जवळची.

उंडो:
म्हणजे ७५० डॉलर देऊनही शंभरातल्या पंच्याऐंशींची नाही सुटली. आमच्या पात्रावाला (मालकाला) हे दाखवू नका, चवथीचा बोनससुद्धा बंद करेल

पेडणेकर:
अनामतीचा प्रयोग मी केलाय. भाऊबीजेला बहिणीच्या हातात दहा हजार ठेवले. गुढीपाडव्यापर्यंत ओढली नाही तर परत दे, ओढली तर तुझे. चूक एवढीच झाली की बहीण निवडली. बाई आमच्याकडे आली की लायटर विसरून जायची. तिच्या घरी गॅसचा लायटर आहे आणि ती सिगारेट ओढत नाही, तर पर्समध्ये लायटर कशाला?? डिसेंबरात मित्राच्या लग्नात घालवले. तिने त्याची पैठणी घेतली आणि माझ्याच मुलाच्या मुंजीत नेसून आली.
त्यानंतर तीन वेळा प्रयत्न. आता तीनवर आहे. सकाळची, जेवणानंतरची, रात्रीची. या तीन जात नाहीत. बाकीच्यांचं वाचून बरं वाटलं, एवढंच.

खाजेंबाय:
@पेडणेकर कुठल्या रंगाची पैठणी?

पेडणेकर:
मोरपंखी. दिसते चांगली, तेच तर दुःख आहे

घसाखवखव:
च्युइंग गमबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. निकोटीन गम २ मिलिग्रॅमची आणली आणि साध्या गमसारखी कचाकच चावली. उचक्या लागल्या, पोटात ढवळलं, वाटलं हे काय विष घेतलं. दुकानातल्या पोराने नंतर सांगितलं. हळू चावायची, झिणझिणलं की थांबून गालाच्या कोपऱ्यात ठेवायची, झिणझिण गेली की परत दोन-चार वेळा चावायची. चहा-कॉफी पिऊन लगेच तोंडात टाकायची नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. मी नेमका चहाबरोबर घ्यायचो. भजीपावाच्या गाड्यावर. नीट घ्यायला लागल्यावर दोन महिन्यांत काम झालं.
पाकिटावर १८००-११-२३५६ हा फुकट नंबर असतो. २०१८पासून छापतात. मी लावला. पलीकडच्या बाईंनी पहिलं विचारलं, तारीख कुठली धरताय? मी म्हटलं बघू. बघू नाही, तारीख सांगा. मग त्या तारखेनंतर त्यांचाच फोन आला. घरच्यांना खोटं सांगता येतं हो, अनोळखी बाई इतक्या आपुलकीने विचारते तेव्हा जीभ वळत नाही.

सत्तरीचा सूर:
मी विडीवाला. आमच्या वेळी बसमध्ये कंडक्टर स्वतः ओढायचा, तिकीट देताना राख आपल्या मांडीवर. मग १९९७ला गोव्याने धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला. देशभरची बंदी २००८च्या २ ऑक्टोबरपासून, आपण त्याच्या कितीतरी आधी. डॉ. शरद वैद्य यांनी तो विषय लावून धरला होता, सर्जन माणूस, नव्या पोरांना नाव ठाऊक नसेल. कायद्याने माझी विडी सुटली नाही, पण चारचौघांत काढायची लाज वाटायला लागली हे खरं.
सोडली कशी ते ऐका. आम्ही चौघांनी तावेर्नात, म्हणजे दारूच्या दुकानात, पैज लावली, जो ओढेल त्याने बाकीच्यांना उर्राक (काजूची दारू) पाजायची. एप्रिल महिना. आता उर्राकेचा ग्लास समोर आला की विडी आठवते, विडी ओढली की उर्राक पाजावी लागते, ती प्यायली की दुसऱ्याला आठवते. महिनाभरात चौघेही जास्त ओढायला लागलो आणि वर उधारी. पैज मोडली. शेवटी मी तावेर्नच सोडलं, संध्याकाळी देवळात भजनाला बसायला लागलो. टाळ हातात असले की विडी धरता येत नाही. दुसरं कारण काही नाही, भक्ती वगैरे नंतर आली. त्या तिघांतला एक गेला गेल्या वर्षी, फुप्फुसानेच.

रातांबा:
वाईट वाटलं काका

सत्तरीचा सूर:
हं. मृदंग छान वाजवायचा.

आजपुरता आयडी:
नेहमीच्या नावाने लिहीत नाही, समजून घ्या.
सगळे लिहितात बायकोने साथ दिली, बहिणीने, मित्रांनी. मी बाई आहे. पर्वरीत रात्रपाळी करताना गच्चीवर लागलेली सवय, रोजच्या सहा-सात. घरी कुणालाच माहीत नाही. जी गोष्ट तुम्ही करता हेच कुणाला ठाऊक नाही, ती सोडायला साथ कुणाकडे मागणार? ऑफिसातल्या मैत्रिणींकडे मागितली तर त्या गच्चीवरच भेटायच्या.
मग कालनिर्णय धरलं. ज्या दिवशी नाही ओढली त्या तारखेखाली लाल पेनाने ठिपका. पहिल्या आठवड्यात चार ठिपके, मध्ये दोन गाळलेले, मग सलग. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय, आईची दुधाची खूण, गॅसची तारीख, आणि माझे ठिपके. बाराव्या-तेराव्या ठिपक्याला आईने विचारलं, "कसलो नेम धरला गो?" मी म्हटलं, हो, नेमच आहे. तिने पुढे विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे कामावरून आले की टेबलावर झाकलेला लिंबाच्या सरबताचा ग्लास. नेम म्हणजे उपास असणार असं तिला वाटलं. ती पहाटेचीच वेळ सगळ्यात कठीण होती माझी. घरात शिरण्याआधी कोपऱ्यावर शेवटची ओढायचे. सरबत गरम व्हायच्या आत घरी पोचायचं म्हणून कोपऱ्यावर थांबेनाशी झाले. एकदा मी ठिपका द्यायला विसरले तर तिनेच दिला, निळ्या पेनाने.
तिसाव्या ठिपक्याला म्हणाली, "उद्यापन केन्ना?" आणि स्वतःच मणगणें (खीर) करून मोकळी. मी, आई आणि मणगणें, आणि तिला ठाऊक नाही आपण कशाचं उद्यापन जेवतोय. निदान मला तसं वाटत होतं. जेवण झाल्यावर तिने माझं कामाचं जॅकेट खुंटीवरून काढलं, नाकाजवळ नेलं आणि ठेवून दिलं परत. "आता धुवपाक नाका," म्हणाली, आता धुवायला नको. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

खाजेंबाय:
बाय गो 🙏 त्या निळ्या ठिपक्याने रडवलं

उंडो:
अवांतर: मणगण्यात साबुदाणा घालतात की नाही? आमच्याकडे यावरून दोन घरं बोलत नाहीत

रातांबा:
घालतात. विषय संपला.

मार्दोळचीजाय:
छोटंसं. सोडल्यावर तीनेक आठवड्यांनी सकाळी देवळाबाहेरून स्कूटरने जात होतो आणि जायांचा, जाईच्या फुलांचा, वास आला. गाडी थांबवली. मी जन्मापासून याच गावात आहे, फुलवालीच्या दारात वाढलो, आणि तो वास कितीतरी वर्षं गेलेला होता हे तो परत आल्यावर समजलं. फाती (गजरा) घेतली, बायकोला दिली. तिने विचारलं काय भानगड केलीस. फुकट संशय मिळाला.

आकडेमोड:
@मार्दोळचीजाय 😂 हे बक्षीस कुठल्याच अभ्यासात नाही

मांडवीकाठ:
दुपारी झोपलो होतो, उठून एका दमात सगळं वाचलं. @आजपुरता आयडी, बायकोला वाचून दाखवलं, ती उठून आत गेली.
खोबरेलाने झाकण निघालं. नाणं पाच रुपयांचं. बायको म्हणते ते तिचं, त्या साठ रुपयांवरचं व्याज. दिलं.
@पेडणेकर, डबा आता रिकामा आहे. तेव्हा साठ रुपयांत बारा यायच्या, आता सुटी वीसची धरली तर तीनच. तुझ्या तीनच राहिल्यात ना? मोजायला शनिवारी इकडेच ये, आमच्याकडे मोजणारी माणूस कडक आहे.

पेडणेकर:
पेडण्याहून दिवाडी? साठ रुपयांचं पेट्रोल पुरणार नाही
...
बहिणीला सांगू नका कुणी. चवथीनंतरच्या शनिवारी येतो. पुडी घेऊन ठेवा, मला धक्क्यावर लागेल

रातांबा:
डबा देऊन टाकताय?? निडोचा??