मानसशास्त्रज्ञ स्किनर तत्त्वज्ञानाच्या अंगाने वाचायचा आहे, सुरुवात कुठून?

बर्डीवाला: नागपूरच्या धरमपेठेत सहा जणांचा वाचनगट आहे. चार रविवार, दर वेळी दोन तास. मूलगामी वर्तनवाद (मनातल्या घटनाही वर्तनच मानणारी स्किनरची भूमिका) घेऊन राहिलो. स्किनरच्या 1971 च्या ‘बियाँड फ्रीडम अँड डिग्निटी’पासून सुरू केलं तर चालेल?

महालकर: नका बाप्पा! स्वातंत्र्य की नियतत्ववाद (माणसाचं वागणं आधीच्या कारणांनी ठरतं) हा वाद पेटला की चारही रविवार गेलेच समजा. आधी स्किनरचा 1945 चा मानसशास्त्रीय संज्ञांवरचा लेख घ्या. दातदुखी ज्याची त्यालाच जाणवते. मग लेकराला ‘दुखतं’ हा शब्द इतरांनी शिकवायचा तरी कशाच्या आधारावर? स्किनर चार वाटा सांगतो. गाल सुजलेला दिसतो. लेकरू गालाला हात लावून कण्हतं. आणखी एक वाट म्हणजे बाहेरच्या गोष्टींचे शब्द साम्यामुळे आतल्याला चिकटतात: ठणका, आग होणं, पायाला मुंग्या येणं. मराठीत हा साठा मोठा आहे, गटाकडून असे दहा शब्द काढून घ्या. उरलेल्या वाटेवर, म्हणजे उघड वागणं हळूहळू आत जातं तिथे, लोक अडतात. त्यांना पाढ्यांचं उदाहरण द्या: आधी मोठ्याने, मग पुटपुटत, शेवटी मनात, शब्द मात्र ‘म्हणतोय’ हाच राहतो.

तर्कटपंत: दुसऱ्या रविवारी ‘सायन्स अँड ह्युमन बिहेवियर’ (1953), प्रकरण 17. ‘स्किनर मन नाकारतो’ हा आरोप इथे हमखास येतो. दोघांना पडताळता येत नाही म्हणून आतलं विज्ञानाबाहेर ठेवायचं, ही पद्धतीपुरत्या वर्तनवादाची भूमिका. स्किनर आतल्या घटना मोजणीत धरतो, फक्त त्यांना मूळ कारणाचा मान देत नाही. ‘भूक लागली म्हणून जेवला’ इथे तो थांबत नाही. किती तास उपाशी होता, ते विचारतो.

चौथ्या रविवारी भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीचं स्किनरच्या ‘व्हर्बल बिहेवियर’वरचं 1959 चं परीक्षण. पण त्याआधी मूळ पुस्तकाची (1957) प्रकरणं 3 आणि 5 वाचाच. नुसतं परीक्षण वाचून निकाल देणारे फार. ‘प्रबलन’ (परिणामामुळे वर्तन बळावणं) हा शब्द प्रयोगशाळेबाहेर सैल पडतो, हा त्यातला घाव मात्र खरा बसतो.

बर्डीवाला: आणि तिसरा रविवार?

महालकर: तत्त्वज्ञ विटगेन्स्टाइनच्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’मधले परिच्छेद 244, 257, 293. 257 मध्येही दातदुखीच आहे, म्हणून त्याचं आणि स्किनरचं म्हणणं एकच असं वाटतं. तसं नाही. विटगेन्स्टाइन शब्दाला अर्थ कसा येतो ते पाहतो, तर स्किनर तो शब्द तोंडून कशामुळे निघतो ते शोधतो. फळ्यावर दोन रकाने आखूनच बसा.