पाणमांजराला माणूस नको असतो, हे कुणी ठरवलं?

खाजनकाठी
परवा एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्त्यांनी नदीचा नकाशा दाखवला. माणसाचा वावर तिथे लाल पट्टा, वावर नाही तिथे हिरवा. निष्कर्ष असा, की पाणमांजर (इंग्रजीत ऑटर) वाचवायचं तर काठावरून माणूस हटवा. मी मागच्या रांगेत बसून आमच्या बांधाचा विचार करत होतो.

आमचं शेत गोव्यात, चोडणला, मांडवीच्या खाडीलगत. खाजन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खारं पाणी अडवायला मातीचा बांध, आणि बांधात लाकडी दारांची मानस. ओहोटीला दार आपसूक उघडतं, भरतीला पाण्याच्या रेट्याने मिटतं. आत पावसाळ्यात भात, एरवी मासे. शेकडो वर्षं पिढ्यांनी चिखल उपसून हे उभं केलंय. यात देवाचं काय, तर फक्त भरती-ओहोटी.

गेल्या माघात पहाटे मानशीजवळ बसलो होतो. आधी आवाज आला, पाखराची पिल्लं चिवचिवावीत तसा. मग पाच डोकी दिसली, बगळ्यांच्या माळेसारखी तिरकी रांग धरून. मासे रेटत रेटत मानशीच्या तोंडाशी आणले. एकजण चिऱ्यावर चढला आणि शेवटो (तुमच्याकडची बोय) डोक्याकडून खायला लागला. कडकड आवाज माझ्यापर्यंत येत होता. खाऊन झाल्यावर तिथेच विष्ठा टाकली, खवल्यांनी चमचमणारी. वास म्हणाल तर सुक्या मासळीच्या बाजारात पावसाचं पाणी शिरावं तसा. पलीकडे रायबंदरची फेरीबोट घरघरत होती. पाचांपैकी कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

माझं म्हणणं एवढंच. पाणमांजर निर्मनुष्य जागा शोधत नाही. ते मासे, आडोसा आणि बिळाला मऊ काठ शोधतं, आणि आमच्याकडे या तिन्ही गोष्टी माणसामुळे टिकल्यात. खाजन ओसाड टाका, बांध फुटू द्या, मग बघू कोण किती दिवस राहतं.

कपारीतली
दादा, वर्णन सुरेख, पण निष्कर्षाला घाई झाली. रात्री अकराला महामार्गावरच्या धाब्यावर फक्त पावभाजी उरली होती म्हणून मी ती खाल्ली, तर 'हिला पावभाजी फार आवडते' असं लिहाल का? जनावर दिसलं म्हणजे त्याने ती जागा निवडली असं होत नाही. निवड कळायला त्याच नदीवरच्या त्याने न वापरलेल्या जागाही मोजाव्या लागतात. पात्राची रुंदी, पाण्याची खोली, खडक, काठावरची झुडपं, आडोसा किती पावलांवर, वाळूउपसा आणि जाळी किती लांब. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. मी सिंधुदुर्गात दोन हंगाम हेच करत गुडघाभर पाण्यातून हिंडले आहे.

शिवाय खाण्याची जागा वेगळी, लोळून अंग सुकवण्याची वेगळी, पिल्लं घालण्याची त्याहून वेगळी. पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात, आईला काही आठवडे बीळ सोडून फार लांब जाता येत नाही. तुम्ही पाहिलंत ते स्वयंपाकघर होतं, बाळंतिणीची खोली नव्हे.

पागवाला
दोघांचं वाचलं. आता जाळ्यावाल्याचं ऐका. रात्री लावलेलं जाळं सकाळी ओढलं तर आत माशांची फक्त डोकी, आणि मधोमध माणूस जाईल एवढं भोक. नवीन जाळं कुठल्या व्याख्यानात मिळतं ते सांगा, मी पुढच्या रांगेत बसतो.

तरी मी त्याच्यावर दगड उचलत नाही. कारण खरा चोर वर आहे. उन्हाळ्यात पाणी आटून डोह उरले की कोणीतरी ब्लीचिंग पावडर ओततं नाहीतर जिलेटीनची स्फोटक कांडी टाकतं. एका रात्रीत डोह पांढरा. मोठा मासा पोत्यात, बोटभर पिल्लं तशीच तरंगत. त्यानंतर महिना-दीड महिना तिथे पाणमांजर नाही आणि आम्हीही नाही. आम्ही एका पंगतीतले आहोत, ताई. तुमच्या यादीत हा रकाना आहे काय?

कपारीतली
आहे. आणि खरं सांगायचं तर तो रकाना भरताना सगळ्यात जास्त अडखळते. वाळूचा ट्रक मोजता येतो. जिलेटीन टाकणारा मला बघून घरी जातो.

मुठेकाठी
मला खाजनकाठींचा मुद्दा पटतो, पण तो कोणाच्या हातात पडेल याची भीती वाटते. पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटर काठ 'विकसित' होतोय. बैठकीत आम्ही काठावरच्या झाडोऱ्याबद्दल बोललो की हमखास एक गृहस्थ उठतात. "अहो, सिंगापूरला शहराच्या मधोमध ऑटर खेळतात, तिथे काय जंगल आहे?" तुमचा हा धागा ते छापून आणतील. आमच्याकडे पाणमांजर यायची गोष्टच सोडा, आहेत त्या पाणकोंबड्या कुठे जाणार हे कोणी सांगत नाही.

कल्लांगचा शेजारी
सिंगापुरातून. त्या गृहस्थांना माझा निरोप द्या.

ही तीच जात आहे, तुमच्या मांडवीतली, मऊ केसांची. पण इथे आधी १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं सिंगापूर आणि कल्लांग नद्या साफ केल्या. डुकरांचे गोठे, सांडपाणी, काठावरचा कचरा, सगळं हलवलं. जनावरं परत दिसू लागली ती १९९८ च्या सुमारास, तीसुद्धा शहरात नव्हे, उत्तरेकडच्या सुंगेई बुलोहच्या खारफुटीत. बिशान पार्कात कल्लांग नदी काँक्रीटच्या सरळ नाल्यातून वाहत होती. तो नाला फोडून २०१२ मध्ये नागमोडी, गवताळ काठाची नदी केली, आणि त्यानंतर तिथलं कुटुंब प्रसिद्ध झालं. म्हणजे त्यांनी काँक्रीट काढलं, घातलं नाही.

हेही कबूल करतो की इथली पाणमांजरं पुलाखाली आणि गटारातही राहतात, लोकांच्या तळ्यातले महागडे कोई मासे फस्त करतात, आणि २०२१ मध्ये बोटॅनिक गार्डन्समध्ये एका माणसाला बरंच चावली होती. काठ पक्का असला तरी चालवून घेतात. पण इथे जिलेटीन नाही, आणि कुणी मारायला धजत नाही. हे दोन आकडे काढून टाकून पुण्याशी बेरीज करू नका.

खाजनकाठी
कल्लांगच्या शेजाऱ्यांनी माझीच बाजू मांडली की! मी कुठे काँक्रीट घाला म्हणालो? माझा वाद माणूस हटवण्याशी आहे. कर्नाटकाने २०१५ मध्ये तुंगभद्रेचा ३४ किलोमीटरचा पट्टा, मुदलापूरपासून कंपलीपर्यंत, पाणमांजरांसाठी राखीव केला. वर धरण, दोन्ही काठांना भातशेती, मध्ये हंपी आणि तिथले पर्यटक. तरी पाणमांजर आहे, कारण पात्रात हत्तीएवढे धोंडे आहेत आणि धोंड्यांना कपारी आहेत. तिथे बंदी जिलेटीनवर हवी, शेतकऱ्यावर नको.

ताईंचा पावभाजीचा दाखला मजेशीर आहे, पण आमच्या बाबतीत दुसरं ताटही वाढलेलं आहे. आमच्या समोर पक्षी अभयारण्याचं खारफुटीचं रान आहे. तिथे जायला कोणी अडवलेलं नाही. तरी जेवायला मानशीवर येतात.

कपारीतली
येतात, आणि झोपायला कुठे जातात? त्याच रानात जात असतील तर तुमची मानस आणि ते रान मिळून एकच घर झालं. यातलं एक काढलं तर दुसरं पुरणार नाही.

आणखी एक. तुम्हाला विष्ठा चिऱ्यावर दिसली, कारण चिरा उंच आणि कोरडा आहे. पलीकडे चिखलात टाकलेली पुढच्या भरतीला धुऊन जाते. म्हणून माणसाने बांधलेल्या जागीच खुणा जास्त सापडतात, आणि आपण म्हणतो, बघा, याला माणूस आवडतो. मीसुद्धा पहिल्या हंगामात या खड्ड्यात पडले. खडकाळ टप्पे माझ्या वहीत भरभरून, रेतीचे कोरे.

बरं, आता तुमच्याच बाजूचा एक पुरावा फुकट देते. इंग्लंडमध्ये १९७७ ते ७९ च्या पाहणीत जेमतेम ६ टक्के ठिकाणी पाणमांजराच्या खुणा मिळाल्या होत्या. २००९-१० मध्ये ५९ टक्के. जात वेगळी, युरोपातली, पण मधल्या ३० वर्षांत तिथल्या नद्यांवरची माणसं काही कमी झाली नव्हती. डीलड्रिनसारखी शेतीतली विषं बंद झाली, नद्या सुधारल्या, शिकार थांबली. मलाही लाल-हिरवे पट्टे पटत नाहीत. पण 'माणूस चालतो' हे अर्धं वाक्य आहे. कुठला माणूस, काय करणारा, आणि कुठल्या महिन्यात, ते पुढे लिहा.

नारळीबाग
मध्येच एक शंका. आमच्या आजोळी उदमांजर म्हणजे हेच पाण्यातलं. पुण्याच्या भावजींना ते कांडेचोर वाटतं, माडावर चढणारं. धाग्यात दोन्ही येऊ नयेत म्हणून विचारते.

पागवाला
माडावर चढलं तर आमची जाळी तरी वाचतील.

खाजनकाठी, तुमच्याकडे बांधाचं काम कधी? आमच्या खाडीत गेल्या साली जेसीबी लावून काठ नीट केला, वरून सिमेंट. खाली बिळं होती की नव्हती, कोणी बघितलं नाही.

खाजनकाठी
नेमकं तेच आज सांगायला आलो. बांधाला दोन ठिकाणी भगदाडं पडलीत, आणि ठेकेदार येत्या सोमवारी चिरे आणि सिमेंट घालणार होता. पूर्वी आमचे लोक चिखलाचे गोळे एकावर एक थापून बांध भरत. आता त्या कामाला माणसं मिळत नाहीत, तर मीही सिमेंटला हो म्हटलं होतं.

ताईंचं 'बाळंतिणीची खोली' डोक्यातून जाईना म्हणून काल ओहोटीला बाहेरच्या अंगाने चिखलातून चालत गेलो. दुसऱ्या भगदाडापासून वीसेक पावलांवर, मारांडीच्या झुडपाखाली, बीळ आहे. तोंडाशी चिखल गुळगुळीत झालाय, घसरगुंडीसारखा. मोठे पंजे, बोटांमधल्या पडद्यासकट उमटलेले. मी शंभर वेळा वरून गेलोय. वरून काही दिसत नाही.

कपारीतली
लहान ठसे आहेत का? परत जाऊ नका, फोटो असेल तर त्यातच बघा.

खाजनकाठी
आहेत. दोन रुपयांच्या नाण्याएवढे. मोजले नाहीत, एकात एक मिसळलेत.

कपारीतली
मग सोमवार नको.

पागवाला
पण पावसाच्या आत बांध झाला नाही तर शेत खारं होईल, ते कोण भरून देणार? मेपर्यंत थांबा, तोवर पोरं पोहायला लागतील. आणि त्या वीस पावलांत सिमेंट नको, चिखलच थापा. दोन माणसं मी पाठवतो, जुनी आहेत, त्यांना येतं.

खाजनकाठी
ठेकेदाराला फोन केला. मांजरासाठी बांध थांबवता का, म्हणून हसला, मग चिडला. मेचा पहिला आठवडा ठरलाय. पागवाले, माणसं खरंच पाठवा. रोज काय घेतात ते खासगीत कळवा, आणि जेवण आमच्याकडे.