जुन्या लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या खणात काय बसवता येईल?

शाहूपुरी_डीटीपी

मंडळी, शाहूपुरीत माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, तालीम मंडळांची वर्गणीची पावती-पुस्तकं आणि मार्च सरला की दूध संस्थांचे वार्षिक अहवाल. लॅपटॉप २०११ सालचा, पंधरा इंची, दुसऱ्या पिढीचा आय थ्री, विंडोज ७. पानं मांडायचं पेजमेकर, मराठी टायपिंगचं श्रीलिपी आणि जुनी सगळी कामं त्यातच, तेव्हा मशीन बदला असं कुणी सांगू नका. चालू व्हायला इतका वेळ घेतो की तोवर गिऱ्हाईक खाली जाऊन चहा पिऊन येतं.

एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, घ्यायची ठरवली आहे. पण जुनी ५०० जीबीची डिस्क बाहेर लोंबकळत ठेवायची नाही, तीही आतच हवी. डीव्हीडी ड्राइव्ह क्वचित लागतो, कुणी फोटोंची सीडी घेऊन आलं तरच. तो काढून तिथे काय काय बसतं? एका दुकानात विचारलं तर "ताई, बोर्ड जळेल" म्हणाले आणि लगेच नवे लॅपटॉप दाखवायला लागले. एसएसडी त्या खणात घालायची की डिस्क? आणि लाईट गेली की बॅटरी अर्धा तासही टिकत नाही. त्या खणात जादा बॅटरी बसते असं माझा भाचा म्हणतो, ते खरं का?

राजारामपुरी_रिपेअर

ताई, बोर्ड-बिर्ड काही जळत नाही. डीव्हीडी ड्राइव्हला ५ व्होल्टच मिळतात आणि अडीच इंची डिस्कलाही ५ व्होल्टच लागतात. फक्त ड्राइव्हच्या मागचा पॉवरचा भाग आखूड असतो, सहा पिनांचा, आणि डिस्कचा पंधरा पिनांचा. तेवढं जुळवून देणारी पत्र्याची चौकट म्हणजे कॅडी. त्यात चिप नाही, जादू नाही.

घ्यायच्या आधी जाडी मोजा. ड्राइव्ह १२.७ मिलिमीटरचा असतो नाहीतर ९.५ चा. तुमच्या काळातल्या पंधरा इंचीत बहुतेक १२.७ निघतो, पण अंदाजाने मागवू नका. चुकीची कॅडी एकतर शिरत नाही, नाहीतर आत खुळखुळते. ड्राइव्ह साटा, म्हणजे नव्या चपट्या कनेक्टरचा आहे ना तेही बघून घ्या. २००८ च्या आसपासच्या काही मशीनमध्ये रुंद पन्नास पिनी कनेक्टर असतो, त्याला वेगळी कॅडी लागते.

आता खरा प्रश्न, कुठे काय घालायचं. एसएसडी मूळ जागेत, जुनी डिस्क कॅडीत. उलटं करू नका. तुमच्या पिढीच्या चिपसेटला, म्हणजे डिस्कचे पोर्ट सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिपला, सेकंदाला ६ गिगाबिटचे पोर्ट दोनच असतात, बाकीचे ३ गिगाबिटचे, आणि डीव्हीडीला कंपन्या सहसा ३ वाला देतात. हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास चालते, तिला ३ गिगाबिट म्हणजे मोकळा हायवे. एसएसडी मात्र तिथे अर्ध्या वेगावर अडकेल. शिवाय काही बायोस (लॅपटॉप सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) त्या खणातून विंडोज चालूच करत नाहीत. मग माणूस रात्रभर बूट ऑर्डर, म्हणजे आधी कुठून सुरू व्हायचं तो क्रम, खालीवर करत बसतो.

याच पिढीची एक भानगडही माहीत असू दे. जानेवारी २०११ च्या शेवटी इंटेलने स्वतःच जाहीर केलं की या चिपसेटचे ३ गिगाबिटचे पोर्ट काळानुसार कमजोर होऊ शकतात. ६ वाले दोन ठीक होते. सुधारलेली चिप नंतर आली आणि विकलेला बहुतेक माल परत घेतला गेला. तुमचा लॅपटॉप त्या वर्षाच्या मध्यानंतरचा असेल तर सोडून द्या. अगदी सुरुवातीचा असला तरी एवढी वर्षं डीव्हीडी नीट चालतोय ना, मग काळजी नको. पण दूध संस्थांच्या अहवालांची एक प्रत बाहेर ठेवाच.

बसवणं सोपं आहे. बॅटरी काढा, खालचा एकच स्क्रू काढा (शेजारी बहुधा सीडीचं चित्र असतं), ड्राइव्ह सरकून बाहेर येतो. पुढची प्लास्टिकची पट्टी काढायला टाचणी वापरू नका, पेपरक्लिप सरळ करून पुढच्या बारीक भोकात दाबा, ट्रे बाहेर येईल. मग पट्टीच्या आतल्या बाजूच्या खाचा नखाने दाबायच्या. तीच पट्टी कॅडीला बसते. मागे दोन बारीक स्क्रूंचा एक एल आकाराचा तुकडा असतो, तोही न विसरता कॅडीला लावा. खालचा स्क्रू त्यातच धरतो. तो राहिला की लॅपटॉप उचलताना कॅडी सरकते आणि डिस्क मध्येच गायब होते. माझ्याकडे येणाऱ्या "डिस्क खराब" म्हणून आलेल्या मशीनमध्ये हा तुकडा नसलेली बरीच असतात.

आता पेजमेकरवाल्यांसाठी खास. तुमची कामं डी ड्राइव्हवर असतील तर डिस्क कॅडीत गेल्यावर विंडोज तिला ई नाहीतर एफ देईल. पेजमेकर फोटोचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतो. अक्षर बदललं की प्रत्येक जुन्या पत्रिकेत गणपतीचं चित्र कुठे आहे म्हणून विचारत बसेल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन आधी डी अक्षर परत द्या, मगच पहिली फाईल उघडा.

बॅटरीचं भाचा खोटं बोलत नाही, पण ते सगळ्यांना लागू नाही. थिंकपॅड टी ६०, टी ४०० किंवा डेलच्या जुन्या लॅटिट्यूड डी मालिकेत त्या खणात बॅटरीसाठी वेगळे संपर्क दिलेले असतात आणि कंपनीची बॅटरीच तिथे बसते. घरगुती मॉडेलमध्ये मागे फक्त साटा. तिथे सुटे लिथियम सेल कोंबून चार्जिंग जोडायचा नाद कुणी करू नका, व्हिडिओत दिसला तरी. दुकानाला छोटा इन्व्हर्टर घ्या.

उद्यमनगर_लेथवाला

दादांनी सगळं सांगितलंच. मी वेगळं केलंय ते सांगतो.

आमच्या शॉपमध्ये सीएनसीला (प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्राम पाठवायला अजून सिरीयल, म्हणजे जुना नऊ पिनी पोर्ट लागतो आणि यूएसबीची वायर सारखी कुणाच्या तरी पायात यायची. म्हटलं, नऊ पिनी पोर्ट लॅपटॉपच्या पोटातच घालू. खणात साटा आहे, यूएसबी नाही, ही पहिली अडचण. पण आत एक मोकळा मिनी पीसीआय-ई स्लॉट होता, ३जी कार्डाचा. त्यात यूएसबीच्या दोन डेटा लाइनी असतात, ३६ आणि ३८ नंबरच्या पिनेवर. ५ व्होल्ट मात्र तिथे नाहीत, जास्तीत जास्त ३.३ आहेत. म्हणून डेटा तिकडून घेतला आणि ५ व्होल्ट डीव्हीडीच्या कनेक्टरमधून. यूएसबी-टू-सिरीयलचं कवच फोडून बोर्ड ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलं. चौकट आमच्याच मिलिंगवर काढली, ड्राइव्हचं माप १२८ रुंद.

नऊ पिनी पोर्टची कडा १२.५ उंच आणि खण १२.७. दोन दशांशाची मोकळीक. आमच्यात एवढ्याला टॉलरन्स म्हणतात, पण बसवताना घाम फुटला. ९.५ च्या खणात हा उद्योग जमणार नाही. सोल्डरिंग येत नसेल तर तुम्ही या वाटेला जाऊ नका, डेटाच्या दोन वायरी पिळून एकत्र ठेवल्या नाहीत तर पोर्ट मध्येच सुटतं.

केआयटीचा_पोरगा

मी एसएसडीच कॅडीत घातली आहे आणि झकास बूट होते. सरसकट उलटं करू नका म्हणणं पटलं नाही. हलवाहलवीत हार्ड डिस्कला मूळ जागेतलं रबर मिळतं, कॅडीत ते नसतं. बॅगेत रोज लॅपटॉप नेणाऱ्याने हे बघायला पाहिजे.

राजारामपुरी_रिपेअर

भावा, रबराचा मुद्दा बरोबर. तू रोज केएमटीच्या बसने ये-जा करत असशील तर तुझं चालू दे, तुझा बायोस ऐकतोय ना. ताईंचं मशीन टेबलावरच असतं. त्यांनी पॉवर ऑप्शनमध्ये डिस्क १० मिनिटांनी बंद होईल असं लावलं की घरघरही थांबते. पहिली फाईल उघडताना दोन-चार सेकंद थांबावं लागेल एवढंच.

अजून एक, कॅडीच्या मागे कधीकधी इवलासा स्विच असतो. डिस्क दिसलीच नाही तर लॅपटॉप बंद करून तो दुसऱ्या बाजूला सरकवून बघा. आत ड्राइव्ह आहे हे काही बोर्डांना एका पिनेवरून कळतं, स्विच तीच पिन जोडतो.

शाहूपुरी_डीटीपी

जाडी मोजली, १२.७ आहे. काढलेला ड्राइव्ह यूएसबीच्या केसमध्ये घालून सीडीसाठी ठेवते. लेथवाले दादा, तुमच्या त्या युक्तीने खणात कार्ड रीडर बसेल का? फोटोग्राफर हल्ली कार्डच आणून देतात.

उद्यमनगर_लेथवाला

बसेल की, तेही यूएसबीच. पण मग तुमची ५०० जीबी कुठे ठेवणार? दोन्हीतलं एकच. आणि ताई, लॅपटॉपची पुढची कड आणि डावी-उजवी बाजू नीट बघा. प्लास्टिकची खोटी पट्टी खुपसलेली एक खाच दिसेल, एसडी कार्डाची. दहातले आठ जण ती कधी काढतच नाहीत. आणि केस घेताना तीही १२.७ चीच घ्या, दोन यूएसबी तोंडांची वायर असलेली. सीडी राइट करताना एका पोर्टची वीज पुरत नाही.