मदत हवी आहे : एन्सॅटिना सॅलमँडर, एक प्रजाती की अनेक?

नमस्कार मंडळी,

मी वणी तालुक्यातली, एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात माझा सेमिनार आहे. कॅलिफोर्नियातल्या एन्सॅटिना सॅलमँडरचा विषय मीच मागून घेतला आणि आता एका ठिकाणी अडकले आहे.

आपल्या विदर्भात सॅलमँडर नाही, तो बघायचा तर दार्जिलिंगकडे जावं लागतं. त्यामुळे वर्गात आधी हेच सांगावं लागणार, की हा सरडा नव्हे, बेडकाच्या गोतातला आहे. एन्सॅटिनाला फुप्फुसं नसतात, तो ओल्या कातडीनेच श्वास घेतो. म्हणून मधली तापलेली, कोरडी सेंट्रल व्हॅली त्याला सहसा ओलांडवत नाही. तो भोवतालच्या डोंगरांनीच दोन्ही अंगांनी दक्षिणेकडे पसरला.

समजून घ्यायला मी आईची पीठ मळायची परात घेतली. खोलगट भाग म्हणजे व्हॅली, काठ म्हणजे डोंगर. समुद्राच्या बाजूला तुरीची डाळ मांडली, कारण तिकडचे एकरंगी, तांबूस असतात. पूर्वेकडच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या बाजूला उडदात हरभऱ्याची डाळ मिसळली : काळपट अंगावर नारिंगी डाग. प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९४९ मध्ये अशा सात उपप्रजाती मांडल्या. काठाने शेजारी-शेजारी संकर होत जातो, पण दक्षिणेला दोन टोकं भेटतात तिथे समुद्राकडची एश्शोल्ट्झी आणि डोंगराकडची डागांची क्लॉबेरी या उपप्रजाती एकाच रानात राहूनही क्वचितच मिसळतात.

मी वऱ्हाडीचं उदाहरण देणार होते. बुलढाण्याहून भंडाऱ्याच्या झाडीबोलीपर्यंत बोली गावागणिक बदलते, रेघ कुठे ओढायची ते सांगता येत नाही. पण तिथे टोकं पुन्हा भेटत नाहीत, आणि माझा सगळा प्रश्न तर भेटण्याचाच आहे. टोकं परकी, साखळी अखंड, मग याला एक प्रजाती म्हणायचं कशाच्या बळावर? शिवाय झँथॉप्टिका ही समुद्राकडची उपप्रजाती व्हॅली ओलांडून सिएराच्या पायथ्याशीही पोहोचली आहे. तिथे सिएराच्या प्लॅटेन्सिस या उपप्रजातीशी तिचा संकर होतो, पण अरुंद पट्ट्यातच. सर नेमकं हेच विचारतील.

प्रतिसाद :
ताई, रंगाचा नकाशा आणि जनुकांचा नकाशा वेगळे काढा. उपप्रजाती रंगावरून ठरल्या. पुढे सॅलमँडरचे अभ्यासक डेव्हिड वेक आणि सहकाऱ्यांनी प्रथिनं आणि डीएनए तपासले, तेव्हा वंशाच्या सीमा त्या नावांशी तंतोतंत जुळल्या नाहीत. ओरेगोनेन्सिस हे उपप्रजातीचं एकच नाव, पण त्याखाली एकाहून जास्त वंशरेषा निघाल्या. तरी मधले दुवे जिवंत आहेत, म्हणून वेक यांनी प्रजाती एकच ठेवली. काही अभ्यासकांना ती फोडावीशी वाटते. सेमिनारात दोन्ही बाजू मांडा, उत्तर एकच असल्याचा आव आणू नका.

धागाकर्ती :
खूप आभार दादा. मी दोन्ही नकाशे एकच समजून बसले होते, घोळ तिथेच होता. ओरेगोनेन्सिससाठी मी मूठभर मूग एकाच ढिगात ठेवले होते. आज रात्री ते वेगळे करून परात पुन्हा मांडते.