'कन्सीड' या क्रियापदाला मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न :
एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना 'कन्सीड' हे क्रियापद तीनदा आले. वक्त्याने आक्षेप 'कबूल केला', उमेदवाराने पराभव 'मान्य केला' आणि संघाने दोन गोल 'स्वीकारले', असे मी लिहिले. परंतु पहिले आणि तिसरे वाक्य मलाच खटकते. 'ॲडमिट'पेक्षा हा शब्द वेगळा कसा?

उत्तर १ :
याचे मूळ लॅटिन 'केडेरे', म्हणजे जाणे, मागे सरणे, वाट देणे. त्यामुळे आधी काहीतरी धरून ठेवलेले असावे आणि नंतर ते सोडावे लागावे, ही छटा या शब्दात कायम राहिली आहे. 'ॲडमिट'मध्ये दडवलेली किंवा अडचणीची गोष्ट उघड करण्यावर भर असतो, म्हणून गुन्ह्याची कबुली तिथे शोभते. 'कन्सीड'मध्ये समोरच्याशी चाललेला वाद किंवा सामना गृहीत असतो. वादात आपण एखादा मुद्दा सोडतो, पण बाजू सोडतोच असे नाही. अशा वेळी मराठीत क्रियापदाचीही गरज नसते : 'उपाय खर्चिक आहे खरा, पण टाळता येणार नाही.' यातला 'खरा' हा लहानसा शब्द 'कन्सीड'चे काम पूर्णपणे करतो, आणि अनुवादक त्याला विसरतात याचे मला वाईट वाटते.

उत्तर २ :
निवडणुकीच्या संदर्भात हे केवळ मत नसून कृती असते. २००० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत अल गोर यांनी मतदानानंतरच्या रात्री जॉर्ज बुश यांना दूरध्वनी करून पराभव मान्य केला, काही वेळाने दुसरा दूरध्वनी करून ती मान्यता मागे घेतली आणि अखेर १३ डिसेंबरला जाहीर भाषणात पराभव पत्करला. म्हणून इथे मला 'पराभव पत्करणे' अधिक नेमके वाटते.

उत्तर ३ :
खेळात मात्र मान्यतेचा प्रश्नच नसतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज धावा 'देतो', आणि फुटबॉलमध्ये 'संघावर दोन गोल झाले' हेच सहज मराठी आहे. 'गोल स्वीकारले' असे छापून येते, पण त्यात संघाने ते राजीखुशीने घेतल्याचा भास होतो.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. तिसरे वाक्य बदलले आहे. पहिल्या वाक्यात वक्ता पुढे लगेच 'पण' म्हणतो, हे आता लक्षात आले. तिथे 'खरा' चपखल बसतो.