सासऱ्यांचं वजन तेवढंच, पण ताकद गेली. प्रथिनं वाढवावीत का? (किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं आहे)

नमस्कार मंडळी,

सासरे ७८ वर्षांचे. मधुमेह नाही, बीपीची गोळी चालू आहे. न्यूमोनियासाठी अॅडमिट होते, तिथून आल्यापासून जे खचलेत ते खचलेतच. खुर्चीतून उठताना दोन्ही हात रेटावे लागतात, तेही पहिल्या झटक्यात जमत नाही. मनगटावरचं घड्याळ सरकत पार कोपराकडे जातं. वजनकाटा मात्र ६० किलोवरच, म्हणून घरातले म्हणतात, "वयच झालंय, वजन तर टिकून आहे ना!" मला काही हे पटत नाही.

कवळी टोचते म्हणून काढून ठेवतात, मग खाणं सगळं मऊ नि पातळ. सकाळी चहा-बिस्किटं. अंडी आवडतात, पण ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ५२ आला आणि कोणीतरी 'किडनीला प्रथिनं वाईट' असं सांगितल्यापासून सासूबाईंनी तीही बंद केली. आता किडनी सांभाळायची की स्नायू? आणि इतक्या अशक्त माणसाला व्यायाम द्यावा का, की आधी अंगात ताकद येऊ द्यावी?

'अमुक पावडर द्या' छाप सल्ले कृपया नकोत, त्यांचा घरात ढीग झालाय.

प्रतिसाद १

वजनावर जाऊ नका. स्नायू झडतात, त्यांची जागा चरबी घेते आणि काटा हलत नाही. याला सार्कोपेनिया म्हणतात. हात छातीशी बांधून खुर्चीतून सलग ५ वेळा उठा-बसायला सांगा, शेजारी कोणीतरी उभं राहा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तपासणी हवी. हात न टेकता उठताच येत नसेल तर घड्याळ लावायचीही गरज नाही. पोटरीचा घेरही मोजा. पुरुषांत ३४ सेंमीच्या खाली असेल तर संशय घ्यावा. पायाला सूज असेल तर हे माप फसवं.

आधी ताकद, मग व्यायाम, हा क्रमच उलटा आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या ७२ ते ९८ वयाच्या लोकांवर अभ्यास झाला. १० आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिलेल्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नुसतं पोषक पेय दिलेल्यांना फारसा फायदा झाला नाही. फक्त चालणं पुरत नाही, स्नायूंवर भार यायला हवा.

प्रतिसाद २

किडनीबद्दल. ज्येष्ठांसाठी साधारण वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात, म्हणजे यांना ६० ते ७२ ग्रॅम. ईजीएफआर ३० च्या खाली असेल आणि डायलिसिस चालू नसेल तर प्रथिनं आवरती घेतात. ५२ ला सरसकट बंदी नसते. किडनीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आधी दर किलोमागे ०.८ ग्रॅम म्हटलंय, पण वृद्ध माणूस अशक्त, स्नायू झडलेला असेल तर जास्तीचा विचार करा असं आहे. नेमका आकडा त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांकडूनच घ्या, लघवीतलं प्रथिनही तपासून घ्या.

एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात ६-७. चहा-बिस्किटांच्या नाश्त्यात नावालाच. म्हातारपणी स्नायू थोड्याथोडक्या प्रथिनाला दाद देत नाहीत, त्यामुळे सगळं रात्रीच्या जेवणावर न ढकलता तिन्ही वेळेला वाटून द्या. आणि कवळी बसवून घ्या हो, त्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. बी१२, ड जीवनसत्त्व, थायरॉईड आणि उदासपणा हेही बघून घ्यायला सांगा.

धागालेखिका

दोघांचेही आभार. कवळीसाठी वेळ घेतलीय, अंडी पुन्हा सुरू करण्याबद्दल डॉक्टरांनाच विचारते, म्हणजे सासूबाईंचीही समजूत पटेल. एक शंका: त्यांचा गुडघा दुखतो, मग उठा-बस कशी करवून घ्यावी?

प्रतिसाद १

खुर्ची भिंतीला टेकवा, सीटवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. सुरुवातीला हातांचा आधार चालेल. उठण्यापेक्षा सावकाश बसण्यावर भर द्या. जमायला लागलं की उशी पातळ करत जा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा गुडघा सुजला तर लगेच थांबवा. न्यूमोनिया होऊन गेलाय, तेव्हा पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्ट घरी बोलावलात तर उत्तम.