अलास्कात का रमलात? तुमचे अनुभव लिहा

अलास्कात राहते म्हटलं की लोक आधी थंडीचंच विचारतात. थंडी आहेच. तरी इथे आलेली कितीतरी माणसं परत जायचं नाव काढत नाहीत. असं काय आहे इथे? फिरून गेलेल्यांची वर्णनं पुष्कळ वाचली, आता मुक्काम ठोकलेल्यांनी लिहावं. आपल्या गावाचं नाव वर टाकून लिहा. सुरुवात मी फेअरबँक्सपासून करते.

फेअरबँक्स
२१ डिसेंबरला आमचा दिवस पावणेचार तासांचाही नसतो. उणे चाळिसात गाडीचं इंजिन हीटरला जोडून ठेवावं लागतं. रात्रभर उभ्या गाडीची टायरं खालून चपटी होऊन थिजतात आणि सकाळी थोडं अंतर गाडी धडधडत जाते. पण ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा नेमका आमच्या डोक्यावर! मध्यरात्री शेजारीण दार ठोठावते, "चल बाहेर, आभाळ पेटलंय." झोपमोड केली म्हणून कुणी रागावत नाही. मीही तिला असंच उठवते.

केनाई
माझं उत्तर एका शब्दात : जुलै. त्या महिन्यात केनाई नदीच्या मुखाशी सॉकआय जातीचा सामन मासा चढतो आणि लांब दांड्याच्या मोठ्या गोल जाळ्याने तो धरायची मुभा फक्त अलास्काच्या रहिवाशांना असते. कुटुंबप्रमुखाला २५ मासे, पुढे घरातल्या प्रत्येक माणसामागे १०. छातीपर्यंत गार पाण्यात जाळं धरून उभं राहायचं. बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम दांडा हातातून निसटेल असा हिसका! किनाऱ्यावर आणल्यावर शेपटीची दोन्ही टोकं कापायची, म्हणजे हा मासा घरच्यासाठी धरलाय, विकायचा नाही, हे कळतं. परवान्यावर नोंद करूनच निघायचं. नियम कडक आहेत आणि मला ते मनापासून पटतात, कारण अंडी घालायला पुरेसे मासे वर पोचले तरच पुढे मासे मिळणार. नंतर अंगणात साफसफाई, धुरी देणं, फ्रीजर भरणं. हिवाळाभर आपण धरलेला मासा ताटात असतो. या समाधानापुढे मला मोठ्या शहराचा पगार नको.

जुनो
राज्याची राजधानी, पण बाहेरून इथे यायला रस्ताच नाही. विमान किंवा बोट. पाऊस सतत. हवामान बिघडलं की कामं आपसूक पुढे ढकलली जातात आणि सगळे ते समजून घेतात. मला हा संथपणा फार मानवला.

उत्कियाग्विक
अलास्काच्या अगदी उत्तर टोकाच्या या गावात मी शिक्षिका आहे. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मावळलेला सूर्य आमच्याकडे जानेवारीच्या उत्तरार्धात उगवतो. मधल्या काळात दुपारी क्षितिजावर थोडा उजेड येतो, तेवढाच. तरी मी इथे टिकले ती इथल्या मूळच्या इन्युपियाक लोकांमुळे. देवमाशाची शिकार साधली की मांस गावात वाटतात, आणि जूनमधल्या नालुकाताक सणाला तर आलेल्या प्रत्येकाला वाढतात. मी बाहेरून आलेली, पण माझ्या हातातलं भांडं कधी रिकामं राहिलं नाही.

पामर
शेतीबद्दल कुणी लिहिलंच नाही! उन्हाळ्यात आमच्याकडे एकोणीस तास ऊन असतं, त्यामुळे कोबी अफाट वाढतो. २०१२ साली इथल्या जत्रेत ६२.७१ किलोच्या गड्ड्याने जागतिक विक्रम केला. माझे तेवढे नाहीत, पण एक गड्डा उचलायला दोन माणसं लागतात. जवळपास कुणी राहत असेल तर कळवा, यंदा रोपं जास्त झाली आहेत.